अतिदक्षता विभागातील साक्षात्कारांची छाननी

तीर्थरूप ताईच्या चरणी, वैद्यकीय आज्ञेने कमरेत वाकणे निषिद्ध असल्यामुळे, ताठ उभ्यानेच नमस्कार.

तुझे गुडघे तुझ्याशी सहकार्य करीत असतील, अशी आशा आहे. इकडे माझी फुप्फुसे स्वबळावर कार्यरत झाली असून, घरच्यांनी मजवर लादलेली प्रेमपूर्ण स्थानबद्धताही ठणठणीत आहे. मी पलंगावरून उठलो की सौभाग्यवती खुर्ची उचलून मागोमाग निघते (पडलोच तर खुर्चीत पडावे, अशी योजना). मी स्नानास गेलो की चिरंजीव दाराबाहेर उभे राहून ओरडतात, "बाबा, आवाज देत राहा!" पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने साबण लावताना अखंड हुंकार द्यावेत, हे मानवी प्रतिष्ठेस कितपत शोभते, ते तूच सांग. तरीही एका जागी बसवत नाही. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून स्वयंपाकघर, तेथून पुन्हा पलंग, अशी माझी परिक्रमा (मागे खुर्ची) अहोरात्र चालू असते.

ह्या अस्वस्थतेचे मूळ फुप्फुसांत नसून स्मृतीत आहे. अतिदक्षता विभागात, मेंदूत गुंगी भरलेली असता, मी जे जे पाहिले त्याची सध्या छाननी चालू आहे. छतावर मासे पोहत होते : भ्रम, मान्य. आमच्या कार्यालयातील हेडक्लार्क सलाइनच्या स्टँडवर बसून माझी रजा नामंजूर करीत होते : हाही बहुधा भ्रमच (खात्री देत नाही, त्यांच्या स्वभावाशी सुसंगत आहे). आणि मग तू आलीस. घामाघूम, धापा टाकीत. कारण विभाग सहाव्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये तू आजन्म पाऊल ठेवलेले नाहीस. आल्या आल्या, "नखं बघ केवढी वाढलीयत, अस्वल झालायस नुसता!" असे म्हणून तू पिशवीतून नेलकटर काढलेस आणि माझा हात मांडीवर घेतलास.

सौभाग्यवतीस विचारले, तर ती म्हणते, "हो, आणि मासेपण आले होते. पडा आता जरा." रुग्णास उत्तेजित करू नये, अशी डॉक्टरांची सूचना असल्यामुळे आमच्या घरी सत्यकथनास तूर्त स्थगिती आहे. तेव्हा तूच काय तो निर्वाळा द्यावास.

तुझा धाकटा भाऊ,
(हे पत्र उभ्यानेच लिहिले आहे)

ता. क. : प्रस्तुत चौकशी निव्वळ शास्त्रीय स्वरूपाची आहे. भावनेचा येथे लवलेशही नाही. वर्गवारी एकदा पूर्ण झाली की मी स्वस्थ बसेन.

आणखी ता. क. : एक लिहायचे राहिले. नखे कापून झाल्यावर तू वाकून विचारलेस, "ओळखलंस का रे मला?" माझ्या घशात नळी होती आणि ती मी उपसू नये म्हणून हात पुन्हा पट्ट्यांनी बांधले होते. तू थोडा वेळ वाट पाहिलीस आणि गेलीस. हा भ्रम असेल, तर प्रश्नच मिटला. पण खरोखर आली असलीस, तर ते सहा मजले तू काय समजून उतरलीस, ह्या विचाराने मला बसवत नाही. ओळखलं होतं गं, ताई. लगेच ओळखलं होतं. बोलता येत नव्हतं फक्त.