पुढच्या चाकाची हवा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सायकलदुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छाती अधू आहे, डोके ठिकाणावर आहे. उलटे असते तर सुखाने मेलो असतो.

१. मला मूलबाळ नाही. दुकान, मागची राहती खोली आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या मयत धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. तिने मला कधी पाहिलेले नाही.

२. हातपंप आणि पाने टपालवाल्या बाईंना द्यावेत. त्यांना पुन्हा सांगतो: हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का ते पाहावे. तिरका असेल तर ट्यूब आत सरकलेली असते. सगळी हवा सोडावी, टायर हाताने चाळवून व्हॉल्व्ह सरळ करावा, मगच पंप लावावा. भरताना व्हॉल्व्ह एका हाताने धरावा. त्याची रिमवरची चकती बोटांनीच आवळावी. पाना लावला की बुडाशी रबर फाटते. हे सगळे पाच मिनिटांचे काम आहे.

३. शेजारच्या किराणावाल्याला काहीही देऊ नये. पंप उसना नेऊन तो दर वेळी नळी मोडून आणतो आणि वर म्हणतो, "आधीच मोडकी होती."

४. कॉम्प्रेसर भंगारात काढावा. त्याचा दोष नव्हता. तो धाकट्याने हौसेने आणला होता. "यंत्राला हवा भरता येते, अक्कल नाही," असे मी त्याला चारचौघांत हिणवीत असे. माझी बायको त्याची बाजू घेई. त्यावरून आमचे वाजले आणि दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शिवणकारखान्यात जायला निघाली आणि म्हणाली, "अहो, पुढचं चाक बसलंय. जरा हवा भरून द्या."

व्हॉल्व्ह तिरका होता. मी पाहिला. पण धाकटा बाहेर गेला होता, बघायला कोणी नव्हते आणि मी रागात होतो. चकती पान्याने आवळली आणि त्याच कॉम्प्रेसरने हवा ठासून भरली. पुलाच्या उतारावर व्हॉल्व्ह बुडापासून फाटला. ती डोक्यावर पडली. तिसऱ्या दिवशी गेली.

लोकांनी विचारले, हवा कोणी भरली? कॉम्प्रेसर म्हटला की सगळ्यांना धाकटाच आठवे. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "दादा, मी वहिनीच्या सायकलला हातसुद्धा लावला नव्हता रे. तू तरी सांग यांना."

मी म्हणालो, "कॉम्प्रेसर कोणी आणला होता?"

एवढेच बोललो. तो त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. त्याला सव्वीस वर्षे झाली.

५. गेल्या वर्षी त्याचा पत्ता मिळाला, तेव्हा वरचे सगळे त्याला लिहून पाठवले. उत्तर त्याच्या मुलीचे आले. ते या कागदाला जोडावे. त्यात ती लिहिते: "काका, बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. काकूंचा विषय निघाला की म्हणायचे, मला आठवत नाही, पण दादा उगाच माझ्यावर ढकलणार नाही. त्या दिवशी हवा मीच भरली असणार. आम्हाला त्यांनी कधी सायकल घेऊ दिली नाही."

शेवटी त्याने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला.

६. मी गेल्यावर, हा कागद ज्यांच्याकडे ठेवला आहे त्या वकीलबाईंनी गल्लीतल्या लोकांना जमवून कलम चार मोठ्याने वाचावे. "म्हातारा भला होता" असे कोणी म्हणायच्या आत वाचावे.

७. भावाच्या मुलीने दुकान नाकारले तर तिची समजूत घालू नये.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार
सही: सायकलवाला

वरील सही आमच्यादेखत झाली.

साक्षीदार पहिली: टपालवाल्या बाई.

साक्षीदार दुसरा: समोरचा शिंपी. सही करण्याआधी सगळे वाचले. धाकट्याला तोंडावर "खुनी" म्हणणारा मीच होतो. तेही यात लिहून ठेवावे.