मोडीतली काडतुसं

३ फेब्रुवारी १८६४, अमरावती

झक मारली आणि मान डोलावून बसलो! भगवंतराव देशमुखांच्या कापसाच्या चाळीस गाड्या अकोल्याला जायच्या आहेत. तिकडे अमेरिकेत लढाई, इकडे कापूस सोन्याच्या भावाने, आणि वाटेवर लुटारू. म्हणून राखणदारांना बंदुका. पलटणीने मोडीत काढलेली काडतुसं एका कंत्राटदाराने आणली आहेत.

राव म्हणाले, "पंत, तुमी पलटणीच्या कोठीत अकरा साल काढले. तुमाले बंदुकीची दारू समजते. पाहून घ्या." अहो, कोठीत मी वह्या लिहिल्या! पण सांगायला जीभ उचलेना. चाकरी त्यांची, राहतं घर त्यांचं.

४ फेब्रुवारी

माल पाहिला. कागदात वळलेली काडतुसं, टोकाला चरबी — कुठल्या जनावराची, देव जाणे. कोठीत असताना कधी बोट लावलं नाही, आज कसं लावणार? चार हात लांब उभा राहिलो. कंत्राटदाराचा माणूस नत्थुजी पेटीतून एकेक काढून फोडत होता. पांढऱ्या कागदावर चिमूटभर दारू, तिला निखारा. चांगली दारू भप्पकन उडते, कागदाला डागही पडत नाही. बाराची बारा उडाली!

पसंतीच्या कागदावर सही केली. राव खूश. मीही फुगलो, खोटं कशाला लिहू? घरी येऊन आंघोळ केली.

६ फेब्रुवारी

राखणदारांचा म्होरक्या सूर्यभान वाटेत भेटला. मूळचा नांदगावचा, आता आमच्याच गल्लीत राहतो. म्हणाला, "पंत, मी जात नोतो. घरवाली मैना लय रडून राह्यली होती. पर तुमची सही हाये म्हणले, मंग म्या हो म्हणलं."

जेवताना एकदम लक्षात आलं. ती बारा काडतुसं निवडली कोणी? नत्थुजीने! तीही वरच्या थरातली. मी पेटीत हातच घातला नाही.

७ फेब्रुवारी

आज घातला. गोदामात कोणी नव्हतं. तळातून वीस काढली, नखांनी फोडली, बोटं चरबीने बरबटली. दारूची ढेकळं झालेली, वर ओलीने फुटलेला पांढरा क्षार. निखारा लावला तर नुसती चरचर, कागद जळून काळा. विसांत तीन उडाली. तीन!

८ फेब्रुवारी

रावांना सगळं सांगितलं, हात न लावल्याचंही. ते पान चघळत ऐकत होते. "आता काहून सांगून राहिले, पंत? सही तुमची हाये. कंत्राटदार माल वापस घेत नाई, अन् गाड्या मी थांबवत नाई. चोर का पेटी उघडून पाहतेत? बंदूक दिसली, बस!"

उठताना हळूच म्हणाले, "पंतानं हात न लावताच माल पास केला, हे बाजारात सांगू का?"

पागोटं सावरून घरी आलो. थू माझ्या जिनगानीवर!

९ फेब्रुवारी

सूर्यभानला खरं सांगायचंच, असं ठरवून त्याच्या घरी गेलो. मैनाबाई त्याच्या वाटेच्या भाकरी बांधत होती. म्हणाली, "पंत, तुमी पाहून देल्लं म्हणून जीवाले घोर नाई." झालं! माझं सगळं अवसान गळालं.

सूर्यभानला बाजूला घेऊन एवढंच म्हणालो, "मुक्कामावर एक उडवून पाहा. नाही उडालं तर मागे फीर."

"कावून? खोट हाये का काई?"

"छे छे! हात बसावा म्हणून."

शाबास, मोरोपंत.

१० फेब्रुवारी

पहाटे गाड्या गेल्या. सूर्यभान पहिल्या गाडीवर होता. मला पाहून त्याने रामराम केला.

१२ फेब्रुवारी

काही खबर नाही. अन्न जात नाही. ही विचारते, "काय झालंय?" काय सांगू?

१४ फेब्रुवारी

गाड्या अकोल्याला पोचल्या. लुटारू आलेच नाहीत. बोरगावच्या मुक्कामाला सूर्यभानने एक काडतूस उडवून पाहिलं, मी सांगितलं म्हणून. बंदुकीचा घोडा पडला, बार झाला नाही. काय अडलं ते पाहायला तो नळीच्या तोंडावर वाकला, आणि तेव्हा बार झाला. ओली दारू कधी कधी दम खाऊन पेटते. मला हे ठाऊक होतं.

मैनाबाई खबर विचारायला आली आहे. बाहेर ओट्यावर बसली आहे. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.