टेलला पाणी पोहोचले

९ एप्रिल २०२४. पाडवा.
यंदाचे संकल्प तीन. चिडायचं नाही. रोज एक कविता मोठ्याने म्हणायची. आणि आमच्या सौ.ची, रतनबाईची, बेचाळीस झाडं जगवायची. कागदी लिंबू. नऊ वर्षांपूर्वी तिनेच लावली, कळशीने पाणी घालून वाढवली. विहिरीत आता बादली तळाला खरवडते. पण काळजी नाही. इरिगेशनचं पत्रक आलंय : कालव्याच्या पाण्याचं आवर्तन २० तारखेला, ‘टेल टू हेड’. म्हणजे कालव्याच्या शेपटाला आधी. म्हणजे आम्हाला. आवर्तन! काय शब्द आहे. वर्गात मी एकेका कवितेची दहा-दहा आवर्तनं घ्यायचो. खिडक्या घुमायच्या.

११ एप्रिल. दुपारी.
शेजारचा कारभारी आला. सगळे मिळून टँकर लावू म्हणतो. मी नाही म्हटलं. पाणी नऊ दिवसांवर असताना टँकर कशाला? पत्रक दाखवलं. म्हणाला, गुरुजी, गेल्या सालच्या पत्रकात आमी भेळ खाल्ली. रतनबाई हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१७ एप्रिल.
अंगद आला होता. माझा विद्यार्थी, आता आमच्या भागाचा इंजिनिअर. वाकून पाया पडला. चौथीत पाठांतर उत्तम. फक्त शेवटच्या कडव्यापर्यंत कधी पोहोचला नाही. पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष म्हणून माझी सही हवी होती. दाखला : ‘टेलला पाणी पोहोचले.’ म्हटलं, अरे, अजून यायचंय. म्हणाला, गुरुजी, आधी दाखला वर जातो, मग पाणी खाली येतं, पद्धतच आहे. ‘पोहोचले’ हा भूतकाळ जरा खटकला. पण मराठीत निश्चित भविष्यालाही भूतकाळ चालतो. घरातून हाक आली की आपण जागेवरूनच ‘आलो’ म्हणतो. सही केली.

२० एप्रिल. पहाटे ५.
कालव्यातून शेताकडे येणाऱ्या चारीवर हजर. नारळ, हळदकुंकू, पाण्याच्या स्वागताची आठ कडवी. स्वतःची.

त्याच दिवशी, ११ वाजता.
पाणी नाही. छबूबाई शेळ्या घेऊन गेली. म्हणाली, गुरुजी, कोनाची वाट बघताय, या रस्त्यानं यष्टी येत न्हाई.

२३ एप्रिल.
चारीत ओल दिसली. उतरलो, चप्पल भिजली. दोन कडवी म्हटली. तिसरं सुरू केलं. मागून कारभारी म्हणाला, गुरुजी, जरा सरका, म्हशीचं आजून झालं न्हाई.

२७ एप्रिल.
अंगदचा फोन लागत नाही. कामात असणार. कालव्याची दारं उघडणारा पाटकरी रस्त्यात भेटला. म्हणाला, वरच्या अंगाला ऊस हाय, शंभर मोटारी टाकल्यात, पानी तितंच संपलं. मी विचारलं, मग टेल टू हेडचं काय? म्हणाला, कुनीतरी कागद उलटा धरला आसंल.
रतनबाईने वळलेली पानं दाखवली. टँकर सांगा म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस थांब. उन्हाने वळतात पानं.

३ मे.
गावाने पुन्हा पाणी सोडण्याचा अर्ज केला होता. परत आला. शेरा : टेलला पाणी पोहोचल्याचा दाखला दप्तरी आहे. सोबत झेरॉक्स. माझी सही. वळणदार, पूर्णविरामसुद्धा जागेवर. पारावर सगळ्यांनी आळीपाळीने पाहिली. मी भूतकाळाचा नियम समजावून सांगू लागलो. कोणी थांबलं नाही. कारभारी तेवढा जाता जाता म्हणाला, आमची पोरं तुमच्याकडं शिकली, चूक आमची हाय.
जेवताना रतनबाई म्हणाली, अवं, लिंबं कागदी हायेत म्हनून त्यांला कागदावरचं पानी चालतंय व्हय?
भाकरी अर्धी ठेवली.

६ मे.
टँकर सांगायला गेलो. पंधरा दिवस नंबर नाही. कारभारीच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने त्याच्या टँकरमधली दोन पिंपं दिली. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं.
बेचाळीस झाडं, दोन पिंपं. रतनबाई म्हणाली, कोनाला पाजायचं ते तुमी सांगा. मी एकेका झाडापाशी जाऊन आलो. सांगता येईना. शेवटी तिनेच बांधाजवळच्या चौघांना घातलं आणि बाकीच्यांकडे पाठ करून घरी गेली.
मी तिथेच बसलो. आज कविता म्हटली नाही.

१५ मे.
अंगदचा फोन. पुढच्या आवर्तनात नक्की, म्हणाला. आवाजात माया होती. दाखल्याचं विचारायचं राहून गेलं. अध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला. वाचून पाहिला, भाषा चांगली साधली होती. फाडला. अशा वेळी संस्थेला अनुभवी माणूस लागतो.

१९ मे.
संस्थेची बैठक झाली म्हणे. काल.

२ जून.
अडतीस झाडं तोडली. कुऱ्हाड तिने धरली. मी धरतो म्हटलं तर म्हणाली, तुमी काटं येचा. दिवसभर वेचले. बोटांतून रक्त आलं, सांगितलं नाही.
संध्याकाळी दोघं बांधावर बसलो. चार झाडं हिरवी आहेत. एकाला फूल आहे. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, ही जगतील बघ.
ती म्हणाली, तुमी म्हनू नका.