सौदीला जायचे आजचे नियम

४ फेब्रुवारी २०२१, गुरुवार

बंद! काल रात्री नऊपासून सौदीचं दार बंद. वीस देशांची यादी काढलीय, त्यात आपण आहोतच. आणि दुबईसुद्धा! दुबईत चौदा दिवस राहून तिथून पुढे जायचं, हा एकच रस्ता उरला होता — तोही गेला. इक्कांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तिकीट नऊ तारखेचं. शेजारच्या आयिशात्तांचा मुलगा तर दुबईतच अडकलाय, चौदापैकी तेरावा दिवस होता त्याचा. तेरावा!

उम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, फोन माझ्या हातात दिला. "नीट वाच गं हफ्सू. कुठेतरी लिहिलं असेल, माझ्या सैदलवीला कसं जाता येईल ते. तू बी.ए. आहेस ना?"

बी.ए. मल्याळम झालेय मी, उम्मा. सौदीचे कायदे नव्हते अभ्यासाला.

बॅग भरलेलीच ठेवलीय. आठवड्यात उघडेल म्हणतात.

११ फेब्रुवारी

नाही उघडलं.

६ मार्च, शनिवार

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. मला माझं घर परत हवंय.

चौदा वर्षं इक्का सौदीत, अब्हाला हॉटेलात स्वयंपाकी. दोन वर्षांतून एकदा दोन महिने येतात. ते दोन महिने आम्ही सगळे शहाण्यासारखे वागतो — चांगली मासळी, भांडण नाही, पाहुण्यांची रीघ. डिसेंबरात आले, आता चौथा महिना. पाहुणे संपले. आज दुपारी बघते तर माझे मसाल्याचे सगळे डबे हललेले!

"हॉटेलात असेच लावतात. हात पोचतो."

"हे हॉटेल नाही."

"ते दिसतंच आहे. हॉटेलात कामगाराला निदान माहीत असतं, चहापत्ती कुठे आहे ते."

संध्याकाळी लेकीने, नस्लाने, मला विचारलं, "उप्पा कधी जाणार?" वाईट हेतूने नाही, आठ वर्षांची पोर. शाळा कधी उघडणार विचारते, तसंच. ते मागे कांदा चिरत होते. सुरी एक क्षण थांबली.

१९ एप्रिल, सोमवार

नेपाळ! तिरूरचे ट्रॅव्हल्सवाले बावाक्का म्हणाले, काठमांडूत चौदा दिवस काढायचे, टेस्ट करायची, तिथून सौदी. शेकडो माणसं गेलीत. तीन मेचं तिकीट काढलं. इक्का एकदम हलके झाले, शीळ घालत होते. मीही.

टेस्टचा नियम मात्र कळत नाही. बहात्तर तासांच्या आतली हवी — पण बहात्तर तास मोजायचे कुठून? नाकात काडी घातली तिथून की कागद हातात आला तिथून? बावाक्का म्हणतात कागद. विमान कंपनीची बाई फोनवर म्हणाली काडी. पत्रकात दोन्ही अर्थ निघतात. दुसऱ्या बाईला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे अजून अपडेट आलेलं नाही."

२८ एप्रिल, बुधवार

नेपाळने तिसऱ्या देशात जाणाऱ्यांना बंदी घातली. आजपासून.

काडी की कागद, आता काय फरक पडतो!

२२ मे, शनिवार

बहरीन. दोन आठवडे फक्त बहरीन, बहरीन. इथे कडक लॉकडाउन, दारात पोलीस, आणि आम्ही घरात बसून बहरीनचे नियम पाठ करतोय. वहीत तक्ता केला होता मी — कोणती टेस्ट कधी, कोणता फॉर्म विमानाच्या आधी, कोणता उतरल्यावर. हिरव्या पेनने, लाल पेनने. तिकीट पंचवीसचं. आज पत्रक आलं: चोवीसपासून भारतातून फक्त तिथल्या रहिवाशांनाच प्रवेश. एका दिवसाने!!

उम्मांनी केलेलं कैरीचं लोणचं, केळ्याचे वेफर, सगळं बॅगेतून काढलं. इक्का पायरीवर बसले होते. म्हणाले, "माझ्यामुळे तुझे डोळे गेले बघ, त्या फोनमध्ये बघून बघून."

मी खेकसले. "मग तुम्ही वाचा!"

ते सहावीत शाळा सोडलेले. मला माहीत होतं. तरी म्हटलं.

२३ मे

माफी मागितली नाही मी. त्यांनी लोणच्याची बाटली स्वतः फळीवर ठेवली. माझ्या जागेवर, त्यांच्या हॉटेलच्या पद्धतीने नाही.

९ जून, बुधवार

लस! पहिला डोस मेच्या सुरुवातीला झालाय. दुसरा चौऱ्याऐंशी दिवसांनी. पण परदेशी जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनी चालेल, असा आदेश आला. आरोग्यकेंद्रात गेलो तर नर्स म्हणाली, आदेश टीव्हीवर आलाय, आमच्याकडे नाही. दोन तास उन्हात. आमच्यासारखे चाळीस जण, सगळ्यांच्या हातात पासपोर्ट. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "मोळे, पोरी, माझा कागद वाचतेस का जरा?" मग दुसऱ्याने दिला. मग तिसऱ्याने. मी झाडाखाली बसून अकरा जणांचे कागद वाचले. अकरांपैकी सात जणांना चुकीचं सांगितलेलं होतं.

परतताना इक्का आयिशात्तांना सांगत होते, "आमच्या हफ्सूला विचारा. बावाला काही कळत नाही." असं माझ्याबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. फोनवर कसं ऐकणार?

१६ जुलै, शुक्रवार

मालदीव उघडलं. दुसरा डोस होऊन गेलाय. तिकीट चोवीसचं. अब्हाचा मालक फोनवर ओरडला म्हणे — या खेपेला ये, नाहीतर दुसरा स्वयंपाकी बघतो. इक्का फोन ठेवून मागच्या अंगणात गेले आणि नारळाच्या झावळ्या तोडत बसले, गरज नसताना. म्हणाले, "चौदा वर्षं त्याचा तंदूर पेटवला. सहा महिने नाही थांबवत त्याला."

हा खेळ आता संपू दे. माझ्यात दम नाही उरला.

२० जुलै

अंगात ताप. वास येत नाही. लिहवत नाही.

१ ऑगस्ट, रविवार

उठून बसले आज. मला झाला, उम्मांनाही झाला. नस्लाला नाही, इक्कांना नाही — दोघांची टेस्ट दोनदा केली.

म्हणजे चोवीसला ते जाऊ शकत होते. मी आतल्या खोलीतून दाराआडून सांगितलं, "जा तुम्ही. आयिशात्ता बघतील आमच्याकडे. ही खेप गेली तर परत कधी उघडेल कोण जाणे."

"आणि कांजी कोण करणार? ते सौदीचं आरोग्य मंत्रालय?"

"थट्टा नको. नोकरी जाईल."

"हफ्सू, तू बरी हो. मग ओरड."

बारा दिवस. सकाळी तांदळाची कांजी, दुपारी कांजी, उम्मांना वेगळी पातळ, मला हिरवे मूग घालून. दारात स्टुलावर ठेवायचे आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहायचे, मी खाते की नाही बघायला. पाचव्या दिवशी श्वास लागला तेव्हा बोटाला लावायचं ते यंत्र कुठून तरी मागून आणलं आणि दर तासाला आकडा विचारत राहिले. नस्ला झाली तेव्हा मी एकटी होते. पहिल्यांदा गर्भ पडला होता तेव्हाही. टायफॉइड झाला तेव्हाही. माझं जेवण मी न करता माझ्यासमोर आलं, असं या घरात पहिल्यांदा घडलं. जेवले आणि रडले. त्यांना वाटलं मीठ जास्त झालं.

२५ ऑगस्ट, बुधवार

सौदी उघडलं! सकाळी अख्ख्या गल्लीत आरोळ्या. बावाक्कांनी मोतीचूर वाटले. दुपारी मी मूळ अरबी पत्रक शोधून भाषांतरात घालून वाचलं — दोन्ही डोस ज्यांनी सौदीत घेतलेत, त्यांनाच.

सौदीत! दोन्ही डोस तिथे घ्यायचे, मग इथे अडकायचं आणि मग परत जायचं. असा माणूस कुठे असतो? आमचे दोन्ही इथले. गल्लीतल्या सगळ्यांचे इथले. लाडू परत मागावेत का, असं इक्का म्हणाले. उम्मासुद्धा हसल्या. मला नाही हसू आलं. व्हिसा मात्र आपोआप वाढतोय, महिन्या-महिन्याने. दार बंद, आणि किल्ली मात्र दर महिन्याला नवी देतात!

२ ऑक्टोबर

इक्का सकाळी बावाक्कांच्या चुलतभावाच्या टपरीवर परोटे लाटायला जातात. आल्यावर नस्लाला सायकल शिकवतात. ती आता माझ्याकडे न बघता थेट त्यांना विचारते — उप्पा, हे करू? ते करू? आज मासे कसले आणायचे, यावर दोघांचं भांडण झालं. खरं, मोठ्याने भांडण. मी आत उभी राहून ऐकत राहिले.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

एक डिसेंबरपासून सगळ्यांना थेट. इथूनच! चौदा दिवस कुठे नाही, फक्त उतरल्यावर पाच दिवस. या खेपेला मूळ पत्रक तीनदा वाचलं, कुठे अट लपलीय का बघितलं. नाही. फक्त लसीचं प्रमाणपत्र त्यांच्या साइटवर चढवून मंजूर करून घ्यायचं. अर्जात माझा नंबर टाकला, उत्तर मलाच येईल. मालकाने सांगितलंय वीस डिसेंबरपर्यंत थांबतो. मग बंगाली स्वयंपाकी ठरलेला आहे.

बॅग माळ्यावरून काढली. आत झुरळं.

३० नोव्हेंबर, मंगळवार

नामंजूर. "तपशील जुळत नाही." कोणता तपशील? लिहिलेलं नाही.

४ डिसेंबर, शनिवार

सापडलं. नाव! आपल्या लिपीत सैदलवी एकच. इंग्रजीत पासपोर्टवर द आहे, आधारवर थ. लस आधारवर घेतली. पन्नास जणांनी अंदाज सांगितले — शिक्का नाही, लसीचं नाव वेगळं, फोटो फिकट. आणि आहे काय, तर एक अक्षर! दुरुस्ती करून पुन्हा चढवलं.

इक्का म्हणाले, "द काय, थ काय. मला हाक मारली की मी ओ देतो ना."

"साइटला हाक मारता येत नाही."

८ डिसेंबर

पुन्हा नामंजूर! या वेळी पासपोर्ट नंबरात शून्याच्या जागी ओ पडला होता. माझीच चूक. माझी! डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. इक्का उलट मलाच समजावत बसले. "माणसाच्या हातून होतं गं." दिवसभर फॉर्म भरला. एकेक अक्षर बोट ठेवून. उम्मांना वाचायला लावलं, नस्लाला वाचायला लावलं, मग पाठवला.

ते शांत आहेत. नीट कपडे घड्या करतात, बॅगेत ठेवतात, काढतात. काल विचारत होते, अब्हाला आता थंडी असेल, नाही? पहाटे तंदूरजवळ उभं राहायला बरं वाटतं म्हणे. चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला तिथल्या पहाटेबद्दल सांगितलं. त्यांना जायचंय. खरंच जायचंय.

११ डिसेंबर, शनिवार

उत्तर नाही. दर दहा मिनिटांनी फोन बघते. नऊ दिवस उरले.

१३ डिसेंबर, सोमवार

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मेसेज आला. मंजूर. नाव बरोबर, नंबर बरोबर, प्रवासाची परवानगी. पूर्ण वाचला. कुठे अट नाही, कुठे 'पण' नाही.

इक्का अंगणात नस्लाची वेणी घालत होते, वाकडी. मान वर न करता विचारलं, "आलं का काही?"

"आलं," मी म्हटलं. "नाकारलं. परत नावच."