गासच्या बांधावरील अंगठीचे संशोधन

श्रीमत् अखिल-चंदनसार-भूषण, द्विप्रहर-निद्रा-चक्रवर्ती, कांदाभजी-कुल-दीपक, बालमित्रवर्य शत्रुघ्न यांच्या (सुजलेल्या) चरणी नालासोपाऱ्याहून आत्मारामाचा साष्टांग दंडवत.

आपल्या गुडघ्याचे वर्तमान कळवावे. माझ्या देहसंस्थानाचे वर्तमान तुला ठाऊकच आहे : आतड्यातील कर्करोगाशी युद्ध चालू असून निम्मे केमो पार पडले. आता डॉक्टरीणबाईंचा आदेश असा की, अंगात त्राण टिकले तरच पुढील केमो वेळेवर, अन्यथा पुढे ढकलणे आले. आणि अंथरुणात पडून थकवा वाढतो, तस्मात् प्रत्यही झेपेल तितके चालावे. सबब हा आजन्म बैठा पुरुष (आमची अर्धांगिनी सरोजिनी यास 'फर्निचर' म्हणते) शेजारच्या गास गावाच्या वाटेने प्रस्थान करू लागला.

मित्रा, तिथल्या प्रभातकाळाचे काय वर्णन करू! खाचरांवर धुके पहुडलेले असते, केळीच्या पानांवरून दव ओघळते, बगळे जणू आत्ताच कोणी रेखाटल्यासारखे उभे असतात, आणि पाऊल टाकावे तर भूमीच हलकेच मागे सरकते (हा अध्यात्माचा नव्हे, औषधाचा परिणाम). परंतु त्या गावी कामावाचून कोणी चालत नाही. रिकाम्या हाताने, मान खाली घालून, पावलोपावली थांबणारा मनुष्य पाहून वांग्यांना पाणी घालणाऱ्या भागूबाईंनी योग्य तो निष्कर्ष काढला.

"काय पडलं रं बाबा तुजं?"

एवढ्या सुंदर सकाळी रोगाचे नाव उच्चारणे मला औचित्यभंग वाटले. मी म्हणालो, "अंगठी."

झाले! त्यांनी पाणी सोडून बांध धरला. गॉडफ्रे नामक शेजारी सायकल माडाला टेकवून गवत विंचरू लागला. दुसऱ्या दिवशी मंडळी माझी वाटच पाहत होती; तिसऱ्या दिवशी गॉडफ्रेने सांगितले की, हरवलेल्या वस्तूंचे कैवारी संत अंतोनी यांच्यापुढे त्याने मेणबत्ती लावली आहे. अस्तित्वातच नसलेल्या अंगठीसाठी परधर्मीय संतांना राबवणे मज पामरास सोसवेना. मी बांधावर बसून सर्व सत्य निवेदन केले.

भागूबाईंनी पाटाचे पाणी पुन्हा वांग्यांकडे वळवले.

"मेणबत्ती तर लागली," गॉडफ्रे म्हणाला. "आता कायतरी मिळालंच पाहिजे."

"उठ," भागूबाई म्हणाल्या. "बसून कोनाला काय गावतं?"

तेव्हापासून आम्ही तिघे रोज शोधतो. शोधणाऱ्याची गती आणि केमोवाल्याची गती तंतोतंत एक असते, हा माझा शास्त्रीय सिद्धान्त; कोणी थांबले तरी दुसऱ्याला वाटते, काही दिसले असेल. काल तर बावखलापर्यंत पोहोचलो. त्या तळ्याच्या पाण्यात तीन माणसे उलटी तरंगत होती आणि त्यांतले मधले मला बरेच धडधाकट वाटले.

आपला नित्य संशोधक,
आत्माराम

ता. क. : वरील पराक्रम चांगल्या दिवसांचे. पुढल्या आठवड्यात केमो आहे. त्यानंतरचे दिवस मला दारापर्यंत जाणेही जड जाते. सरोजिनी बरोबर येते म्हणते, पण माड धरून उभा राहिलेला मी तिला दाखवण्याची माझी तयारी नाही. तू ये. तुझा गुडघा पाहता आपली चाल जुळेल.

ता. ता. क. : येताना काठी आण. आमच्या इमारतीची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे, आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि चिटणीस प्रितेशकडे तक्रार केली तर तो म्हणतो, "काका, तुम्हाला डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय ना?"