हायड्रोजनच्या बरणीत सासरेबुवा

आदरणीय वुकोमानदादा यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ल्युबिंकोचा, मान खाली घालून नमस्कार. आपली कंबर कशी आहे? थंडी पडली की ती धरते, असं रोसांदा दरवर्षी सांगते. कोबीचं पान बांधून झोपत जा. वहिनींना विचारल्याचं सांगा. इकडे मी ठीक आहे, भुवया परत येताहेत. रोसांदा सुखरूप पोचलीच असेल, कारण बसमध्ये चढताना तिने एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कोंबडीची टोपली घट्ट धरली होती आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती परत यावी की न यावी हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे, मी तो विषय या पत्रात काढणार नाही. फक्त आपण तिचे थोरले भाऊ. एक बाजू ऐकली असेल, आता दुसरीही ऐकून घ्या.

बाब विज्ञानाची आहे. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन निघतो, तो नळीने इंजिनात सोडला की पेट्रोल कमी लागतं. हे मला शेजारच्या तियोसावने त्याच्या फोनवर दाखवलं. (त्याने स्वतःच्या गाडीला मात्र लावलं नाही. त्याची गाडी म्हणे नाजूक आहे.) मी रीतसर कामाला लागलो. लोणच्याच्या मिरच्यांची मोठी बरणी रिकामी केली, म्हणजे मिरच्या खाल्ल्या, त्यामुळे दोन दिवस मला बसून काम करणं जमलं नाही. आत स्टीलचे चमचे टांगले. हे चमचे रोसांदाच्या लग्नातले होते, हे खरं आहे; पण चमचे शेवटी चमचेच. साबणासाठी तिने ठेवलेला कॉस्टिक सोडा घेतला, बॅटरीतून तारा आणल्या, झाकणातून निघालेली नळी एअर फिल्टरला जोडली. गावात सगळे हसत होते. पुजारीबुवांनी तर मला पापांची कबुली द्यायची असेल तर आधीच देऊन ठेव, असं सुचवलं. एकटी रोसांदा हसली नाही. ती बॉनेटपाशी येऊन मला कॉफी देत होती आणि होईल रे, होईल, म्हणत होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण मी न्यायाने वागणारा माणूस आहे.

आता पाणी. साधं चालत नाही, गाळलेलं लागतं, ऊर्ध्वपातित. मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो, सर्दीने नाक गच्च चोंदलेलं. तिथूनच ओरडलो, अगं, तळघरातून गाळलेलं आण, दोनदा गाळलेलं, एकदम शुद्ध! आता दादा, तुम्हीच सांगा, आपल्या डोंगरात दोनदा गाळलेलं म्हटल्यावर बाईमाणूस काय आणणार? (हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.) तिने वेताच्या टोपलीतला बुधला आणून ठेवला आणि ती कोंबड्यांकडे गेली. मी बरणी काठोकाठ भरली. तुमच्या वडिलांनी, स्वेतोलिकबाबांनी, शेवटच्या वर्षी गाळलेली आलुबुखाराची दारू, ती राकिया, जिच्यातली पेलाभर रोसांदा दर पितरांच्या शनिवारी त्यांच्या थडग्यावर ओतते, ती होती ती. सगळी.

गाडी सुरू झाली. दादा, खोटं सांगत नाही, अशी ती कधीच पळाली नव्हती! इंजिन तापलं तशी बरणीही तापली आणि वाफ आत जायला लागली. मला वास येत नव्हता, मी हवेत होतो, हात बाहेर काढून लोकांना अभिवादन करत होतो. गुत्त्यासमोर म्हातारे बसलेले. मी जवळून गेलो तसे ते एकेक करून उभे राहिले आणि त्यांनी टोप्या काढल्या. मला वाटलं, झालं, मानलं यांनी विज्ञानाला! तेवढ्यात तियोसाव ओरडला, "अरे थांब, गाढवा! हा स्वेतोलिकचा वास आहे! सासऱ्याला जाळतोयस तू!" मी बघायला म्हणून बॉनेट उघडलं आणि ढप्पकन आवाज झाला. बरणीचं झाकण चेरीच्या झाडावर जाऊन बसलं. ते अजून तिथेच आहे.

आवाज ऐकून रोसांदा धावत आली, एका पायात चप्पल. तिने आधी माझा चेहरा चाचपला, डोळे पाहिले, मग वास घेतला आणि तिथेच खाली बसली. आणि मी, सगळ्या गुत्त्यादेखत, तिला म्हणालो की जिला पाणी आणि दारू ओळखता येत नाही, तिने घर काय सांभाळायचं! ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, पहिल्यांदा गाडी चालू करणार, तर बाबांच्या हातची शिंपडशील. एक घोट घेशील. म्हणून चांगलीतली आणली." मी त्यावरही काहीतरी बोललो. ते लिहीत नाही. संध्याकाळच्या बसने ती गेली.

ही झाली दुसरी बाजू. ती पहिलीपेक्षा फारशी चांगली नाही, हे लिहिताना लक्षात आलं. कळावे.

आपला,
ल्युबिंको

ता. क. पितरांचा शनिवार जवळ आला. सासऱ्यांच्या हातची एखादी बाटली तुमच्या तळघरात असेल, तर तिला द्या. थडग्यावर ओतायला तिच्या हातात काही नसेल, हे मला सहन होत नाही.

ता. क. चमचे घासले. काळे पडलेत. पुन्हा घासतो.

ता. क. दादा चष्मा कुठेतरी ठेवून विसरतात आणि पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेतात, हे मला ठाऊक आहे. म्हणजे आत्ता हे तूच मोठ्याने वाचते आहेस, रोसा. इथून पुढचं मनात वाच. सगळं गाव हसत होतं तेव्हा तू कॉफी घेऊन उभी होतीस, आणि मी त्याच गावासमोर तुला बोललो. गाडी चालत नाही. रविवारी बसने येतो. दादांनी आत घेतलं नाही तर फाटकापाशी उभा राहीन. तू बाहेर ये.