एखेलासच्या पाडलेल्या घराची वाटणी

त्या सकाळी मी जव भाजून जात्यावर घेतले होते, आणि एखेलास अंगणात उकिडवा बसून माझ्या शेळीच्या खुरातला काटा काढत होता. दाराशी सोटेवाले रक्षक उभे, आत शेजारच्या नगराचे दूत ताटकळलेले. मी म्हटलं, "अरे, लोक खोळंबलेत." मान वर न करता तो म्हणाला, "ते दोन्ही पायांवर उभे आहेत. ही बिचारी चारांतल्या तीन पायांवर उभी आहे."

फिलाग्रा गावावर एकट्याने राज्य केलेल्या माणसाबद्दल लोक पुष्कळ काही सांगतात. मी लिहायला बसले तेव्हा मला आधी ही सकाळ आठवली, म्हणून ती आधी लिहिली.

मी फिलिन्ना, फिलाग्राच्या सोसिमेनीसची मुलगी, एखेलासची विधवा. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. हे इच्छापत्र मी कुणाच्या धाकाने लिहीत नाही. माझ्या घरात धाक घालणारा माणूस एकच होता आणि तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बाईच्या लेखाला पुरुष पालक लागतो, म्हणून मेंढपाळ देक्सोन माझ्या बाजूने उभा राहिला आहे.

लिहायची घाई एवढ्यासाठी, की उद्या माझी मुलगी नीकासो मला न्यायला गाडी पाठवते आहे. गावच्या सभेने मला परत घ्यायचं कबूल केलं आहे. देवळाच्या वेदीशी उभं राहून 'एखेलास माझा नवरा नव्हता' एवढं म्हणायचं, की मी पुन्हा गावची, आणि मेल्यावर वडिलांच्या थडग्यात जागा. नाही म्हटलं, तर मी जिथे आहे तिथेच, सीमेच्या दगडाबाहेर.

पहिली बाब, घर. आमच्याकडे असा सत्ताधीश मारला की त्याचं घर पायापासून उखडतात. त्या जागेवर पुन्हा कुणी बांधायचं नाही, आणि प्रत्येक कुटुंबाने त्यातली एक तरी वस्तू उचलून न्यायची. जो नेणार नाही, तो मेलेल्याचा माणूस ठरतो. त्यामुळे ज्यांनी त्याच्यावर जीव टाकला होता, तेच आधी धावले. शेजारची म्याका माझी परात घेऊन दारात रडत उभी होती.

"काय करू गं फिलिन्ना, रिकाम्या हाताने गेले तर पोराला धरतील."

"मग ही तडकलेली कशाला नेतेस? खाली चांगली आहे, ती घे."

तिने ती घेतली. तडकलेलीही घेतली.

तर ज्याने जे नेलं, ते आजपासून त्याचं. चोरीचं म्हणून कुणाच्या घरात राहू नये. म्याकाच्या लेकीसुनांना दोन्ही पराती. मोठं दार हर्मायोसच्या गोठ्याला लागलं आहे, ते त्याला. बिजागरीला वर्षातून एकदा तेल घालावं, ते दार आवाज करणारं नव्हे. कौलं अर्ध्या गावावर आहेत, ज्याच्या डोक्यावर जी आहेत ती त्याची. आढ्याची तुळई सभागृहाला लावली आहे. तिच्याखाली बसून एखेलासला शिव्या देतात असं ऐकते. द्याव्यात, तुळई मजबूत आहे.

पलंग दिओतिमोसने नेला. एखेलासवर पहिला वार त्याचा होता. पलंगही त्याला देते. पलंगाचा एक पाय आखूड आहे, खाली चपटा दगड सरकवावा लागतो, नाहीतर कूस बदलली की कुरकुरतो. शेवटची काही वर्षं एखेलासलाही त्यावर झोप लागत नसे.

दुसरी बाब, झरा. तो माझा नाही, त्याचाही नव्हता, पण आज पाणी भरणाऱ्या मुलींना ठाऊक नाही म्हणून लिहिते. आधी तो घोडेवाल्या श्रीमंत घराण्यांचा होता आणि त्याच्या दाराला कुलूप होतं. एखेलास तेव्हा गाढवांवरून तेल वाहायचा. दुष्काळात त्याने ते दार गाढवाला बांधून उपटलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, राखणीला सोटेवाले दिले, आणि सोटेवाले आले ते मग गेले नाहीत. त्याने पाण्याला दगडी पन्हळ बांधली, घोडेवाल्यांच्या जमिनी वाटल्या, गरिबांचे खटले झाडाखाली बसून स्वतः ऐकले. संध्याकाळी घरी येऊन माझ्यापुढे दोन्ही बाजू बोलून दाखवायचा. भांडखोर म्हातारीचा आवाज तर असा काढायचा, की मला पीठ मळता येत नसे हसून. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मग हळूहळू तो दोन्ही बाजू बोलेनासा झाला. एकच बोलू लागला, मग तीही बोलेना.

त्याने वाईट केलं नाही असं मी म्हणत नाही. त्याच्या हुकमांच्या पांढऱ्या फळ्या आमच्या ओसरीत वाळत ठेवत. त्यांवरून, कणकेच्या हाताने गिरवत, मी अक्षरं शिकले. कुणाला न विचारता मी वाचलेला पहिला हुकूम माझ्या भावाला, कालियासला, गावाबाहेर काढल्याचा होता. कालियास परमुलखात तापाने गेला. त्या वर्षी मी एखेलासला वाढत होते, पण त्याच्याशी बोलत नव्हते. तो रोज ताटावर बसून म्हणे, "आज मीठ बरोबर आहे." मी मीठ घालतच नव्हते.

तिसरी बाब, आज जे आहे ते. विणायचा माग आणि आईची सोन्याची टाचणी नीकासोला. मधाची मडकी आणि ही झोपडी देक्सोनला. एखेलासला उघड्यावर टाकलं होतं, तेव्हा त्याला बैलाच्या कातड्यावर घालून सीमेच्या दगडापलीकडे ओढायला माझ्याबरोबर हाच आला होता. दगडापलीकडे फिलाग्राचा कायदा चालत नाही. तिथे आम्ही त्याच्यावर माती लोटली, आणि तेव्हापासून मीही इथेच आहे.

चौथी बाब, माझा देह. नीकासो मागच्या पौर्णिमेला आली होती.

"आई, मामाला ज्याने मारलं त्याच्या शेजारी निजणार तू?"

"मारलं नाही. हाकललं."

"एकच ते."

"हो गं. एकच."

"मग? एक वाक्य तर आहे. तोंडातल्या तोंडात म्हण. देवही म्हातारा झालाय, त्याला ऐकू जायचं नाही."

"त्याला नाही जायचं. मला जाईल."

ती चिडून बाहेर गेली, थोड्या वेळाने आत आली आणि माझी वेणी घालून दिली. पोरगी चांगली आहे. तिचं चूक नाही.

पण आमच्याकडे नवरीला आणलेल्या गाडीचा आस सासरच्या दारात जाळतात, तिला परत जायला वाट नको म्हणून. माझ्या वेळी लाकूड ओलं निघालं. फुंकर घालून घालून एखेलासचे डोळे लाल झाले. सासूबाई म्हणाल्या, "अपशकुन. ही पळणार." तो माझ्या कानाशी म्हणाला, "अजून गाडी शाबूत आहे हं. जायचं तर आत्ताच सांग." मी त्याच्या शेजारी बसून फुंकू लागले. तो तेलवाला पोरगा माझा नवरा होता. पुढे गावाने ज्याला मारलं तोही तोच. त्यातल्या एकालाच नवरा म्हणणं मला जमत नाही, आणि दोघांना नाकारणं तर नाहीच.

म्हणून मी वेदीशी जाणार नाही. माझं घर मी गावाला देऊन टाकलं आहे. त्याच्या बदल्यात एवढंच मागते, की मला त्याच्या डाव्या हाताला पुरावं आणि गावातल्या कुणी त्याला हरकत घेऊ नये. रडायला यायचं असेल त्यांनी दिवसा, उघडपणे यावं.

हा लेख देक्सोनच्या घरी राहील.

साक्षीदार: देक्सोन, मेंढपाळ, अक्षर येत नाही म्हणून अंगठा. अमीनियास, मिठाचा व्यापारी, स्वतःच्या हाताने.
लिहिणार: फिलिन्ना, सोसिमेनीसची मुलगी, एखेलासची बायको.
ठिकाण: फिलाग्राच्या सीमेच्या दगडापलीकडे. मध काढायचा महिना, अमावास्येआधीचा दिवस.

खाली मागाहून माझ्याच हाताने:

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मी गाडीवानाला भाकरी, कांदा आणि चीज वाढलं, माग गाडीत चढवला, टाचणी फडक्यात बांधून त्याच्याजवळ दिली, आणि "आई येत नाही, बरी आहे" असा निरोप सांगून गाडी परत पाठवली. मग कुदळ घेऊन एखेलासच्या डाव्या बाजूची जमीन, ऊन चढेपर्यंत, खणून मोकळी करून ठेवली.